बंद जिना आणि वाजते नगारे

जबलपूरहून कटनीकडे जाणारा जुना मिर्झापूर रस्ता पनागर आणि सिहोरा मागे टाकून स्लीमनाबादला पोचतो. ज्याच्या नावाने ते गाव ओळखले जाते तो विल्यम स्लीमन आपल्याला ठगांचा बंदोबस्त करणारा साहेब म्हणून माहीत असतो. पण हा माणूस भुताखेतांच्या गोष्टीही कान देऊन ऐकायचा. १८१७ च्या अखेरीस या मुलखावरचा नागपूरकर भोसल्यांचा अंमल संपून कंपनीचे राज्य आले. पुढे अनेक वर्षे सागर-नर्मदा प्रांतात काढलेल्या स्लीमनने १८४४ साली छापलेल्या आपल्या भ्रमंतीच्या पुस्तकात इथल्या लोकांच्या मृतांविषयीच्या समजुती जागोजाग टिपल्या आहेत. त्यांतल्या दोन इथे कामाच्या आहेत. पहिली अशी, की जमिनीचा जुना मालक मेला तरी त्याचा जीव शेतावरून हलत नाही. नव्याने जमीन कसायला घेणाऱ्याने त्याला मान दिला नाही, तर घरात आजार शिरतो, बैल मरतात. दुसरी राणी दुर्गावतीच्या समाधीची. १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान गढ्याच्या राज्यावर चालून आला. नर्रईच्या नाल्यापाशी झालेल्या लढाईत राणी बाणांनी जखमी झाली आणि शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा तिने स्वतःच खंजीर खुपसून घेतला. समाधीजवळचे दोन मोठे गोल दगड म्हणजे राणीचे शिळा झालेले नगारे आहेत, ते मध्यरात्री रानात घुमतात आणि आजूबाजूला पडलेल्या तिच्या सैनिकांना हाक घालतात, असे लोक मानत. वाटसरू तिथे थांबून आसपास सापडणाऱ्या गारगोट्यांतली त्यातल्या त्यात सुंदर गारगोटी समाधीवर ठेवून पुढे जात.

याच राणीचे नाव १९८३ मध्ये जबलपूर विद्यापीठाला दिले गेले. विद्यापीठ त्याआधीचे, १९५६ चे. त्यापूर्वी या भागातल्या विद्यार्थ्याची पदवी फार लांबून यायची. आधी कलकत्त्याहून, मग अलाहाबादहून, १९२३ नंतर नागपूरहून आणि १९४६ नंतर सागरहून. पनागरच्या मुलाने जबलपूरच्या कॉलेजात शिकावे आणि त्याच्या पदवीवर कुठल्या तरी परमुलखातल्या कुलगुरूची सही असावी, हा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालला. आता त्या कागदावर अशा एका बाईचे नाव आहे जिचे नगारे रात्री वाजतात असे लोक सांगत आले. कुणाला त्याची भीती वाटत नाही. विद्यापीठाचे नाव एका झपाटलेल्या जागेशी जोडलेले आहे असे कुणी म्हणणारही नाही. कारण त्या समाधीवरचे भूत, त्याला भूत म्हणायचेच असेल तर, मानाचे आहे.

आता याच्या उलट टोकाची गोष्ट. कोणत्याही जुन्या कॉलेजच्या वा विद्यापीठाच्या सभागृहाला एक भूत असतेच. तालीम आटोपून मुले निघतात तेव्हा विंगेत पाय वाजतात, वरच्या गॅलरीतली एक खुर्ची रिकामी ठेवायची असते, एक दार वर्षानुवर्षे कुलूपबंद असते. नव्या मुलांना हे सांगायचे काम जुन्या मुलांचे आणि रात्रपाळीच्या शिपायाचे. या कथांकडे अभ्यासक पोरखेळ म्हणून पाहतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण एक प्रश्न उरतोच. दुर्गावतीच्या नगाऱ्यांपुढे वाटसरू गारगोटी ठेवतो आणि सभागृहाच्या बंद दारापुढून मूल पळत सुटते, हा फरक कशाने पडतो? माझे म्हणणे असे, की सभागृहाचे भूत मेलेल्या माणसाविषयी थोडे आणि त्या जागेच्या थकलेल्या हिशेबाविषयी बरेच बोलते. ज्या मृताला समाज नावाने आपला म्हणतो त्याची समाधी होते. ज्याचे नाव घ्यायला कुणी उरत नाही आणि ज्याच्या मरणाचा निकाल लोकांच्या मनाला पटलेला नसतो, त्याची कुजबूज होते. हे तपासायला मराठी मुलखातली सर्वांत जुनी विद्यापीठीय वास्तू घ्यावी. मुंबई विद्यापीठाचे पदवीदान सभागृह आणि त्याच्या शेजारचा राजाबाई मनोरा.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ चे, म्हणजे उत्तरेत बंड पेटलेले असतानाचे. त्याला स्वतःची इमारत नव्हती. १८६२ मध्ये रानडे, भांडारकर यांच्या पहिल्या तुकडीला पदव्या मिळाल्या त्या टाऊन हॉलमध्ये. मग अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६३ मध्ये सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. १८६४ मध्ये प्रेमचंद रायचंद या कापसाच्या आणि शेअरांच्या बादशहाने ग्रंथालयासाठी दोन लाख दिले आणि काही आठवड्यांनी घंटांच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख, मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईचे नाव द्यावे अशा इच्छेने. पुढच्याच वर्षी अमेरिकेतली लढाई थांबली, भाव कोसळले आणि निम्मी मुंबई बुडाली. त्यात प्रेमचंदही होते. देणगी आधी पोचली आणि दिवाळे नंतर निघाले, एवढ्या क्रमामुळे हा मनोरा आज उभा आहे. नकाशे लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने काढले. तो हिंदुस्थानात कधी आला नाही. इमारत टपालाने आली असे म्हटले तरी चालेल. १८६९ मध्ये काम सुरू झाले. सभागृह १८७४ मध्ये पुरे झाले, १०४ फूट लांब, ४४ फूट रुंद आणि ६३ फूट उंच, समोर बारा राशींची रंगीत काच बसवलेली मोठी चक्राकार खिडकी. २८० फुटी मनोरा नोव्हेंबर १८७८ मध्ये संपला. त्यावर पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे चोवीस पुतळे बसवले, ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र या एतद्देशीय अभियंत्याने घडवले. घड्याळ वाजायचे ते इंग्रजी सुरांत: ‘गॉड सेव्ह द क्वीन’, ‘रूल ब्रिटानिया’, ‘होम स्वीट होम’.

या मनोऱ्याची पहिली दंतकथा मुळीच भीतिदायक नाही. राजाबाई अंध होत्या, धर्मनिष्ठ जैन असल्याने त्यांना सूर्यास्तापूर्वी जेवायचे असे, वेळ कुणाला विचारावी लागू नये म्हणून मुलाने घंटांचा मनोरा बांधला. पर्यटकांना आजही हीच गोष्ट सांगितली जाते. चौविहाराची आठवण ‘रूल ब्रिटानिया’च्या चालीवर करून घेणारी जैन म्हातारी डोळ्यांपुढे आणली, की या गोष्टीचा गोडवा आणि तिचा विसंगतपणा दोन्ही कळतात. कागदोपत्री मनोऱ्याचा हेतू साधा होता. विद्यापीठाची शोभा, शहराला वेळ आणि आईचे नाव. दंतकथेने काय केले तर त्या नावाला एक शरीर दिले, भूक दिली, अंधत्व दिले. कारण एरवी या संपूर्ण वास्तूत बाई फक्त नावापुरतीच होती. सभागृह उभे राहिले तेव्हा तिथे पदवी घ्यायला बायकांना मुभाच नव्हती. विद्यापीठाने पदव्यांचे दार त्यांना उघडले ते १८८३ मध्ये, म्हणजे सभागृह पुरे झाल्यावर नऊ वर्षांनी. डेक्कन कॉलेजात शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी ही विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर ठरली ती त्या दशकाच्या अखेरीस.

त्याच दशकात मनोऱ्याच्या शेजारी, ओव्हल मैदानाच्या कडेलाच असलेल्या हायकोर्टाच्या नव्या इमारतीत रखमाबाईचा खटला चालला. लहानपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायचे तिने नाकारले. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितले, नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा. ती तुरुंग पत्करायला तयार झाली आणि पुढच्या वर्षी पैसे देऊन तडजोड झाली. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलीच्या शरीराविषयी, तिच्या इभ्रतीविषयी आणि तिने कुठे जावे, कुणाबरोबर जावे याविषयी सगळी मुंबई आणि सगळे पुणे तावातावाने बोलत होते. कायदा होऊन महिना उलटतो न उलटतो, तोच २५ एप्रिल १८९१ च्या दुपारी राजाबाई मनोऱ्यावरून दोन पारशी तरुणी खाली पडून मेल्या. एक बचुबाई, विशीतली, अर्देशीर गोदरेज यांची वर्षभरापूर्वी लग्न झालेली पत्नी. दुसरी तिच्या नात्यातली पिरोजबाई, सोळा वर्षांची. त्या वेळी मनोरा लोकांना खुला होता. वर जाऊन शहर पाहणे ही सहल होती. वर काय घडले? कुणी त्यांच्यावर हात टाकला म्हणून अब्रू राखण्यासाठी त्यांनी उडी घेतली, की त्यांना ढकलले? एका पारशी तरुणावर खटला भरला गेला आणि तो सुटला. तपास नीट झाला नाही, निकाल पटण्यासारखा नाही, अशी तक्रार पारशी समाजात पुष्कळ काळ धुमसत राहिली. पुढे या मनोऱ्यावरून जीव देण्याचे आणखी प्रकार झाले आणि जिना सर्वसामान्यांना बंद झाला. त्या बंद जिन्याभोवती सावल्यांच्या आणि आवाजांच्या गोष्टी साठत गेल्या.

इथे नर्रईचा नाला आठवल्याशिवाय राहत नाही. दुर्गावतीने शत्रूच्या हाती पडू नये म्हणून जीव दिला. बचुबाई-पिरोजबाईंनीही अब्रूसाठी जीव दिला असे त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या पुष्कळांचे म्हणणे होते. कृती एकच मानली, तरी एकीच्या वाट्याला गारगोट्या आल्या आणि दुसऱ्या दोघींच्या वाट्याला कुलूप. फरक मरणात शोधून सापडत नाही, तो साक्षीत आहे. राणीचे मरण लढाईत सर्वांदेखत झाले आणि ते का झाले याविषयी दुमत नव्हते. मनोऱ्यावरचे मरण जिन्याच्या वरच्या टोकाला झाले, खाली आले ते फक्त देह. कोर्टाने निकाल दिला, पण तो आरोपीपुरता होता. बायकांचे काय झाले याचा निकाल कुणी दिला नाही. मराठीत निकाल परीक्षेचाही लागतो आणि खटल्याचाही. ज्या वास्तूत दरवर्षी परीक्षेच्या निकालावर शिक्कामोर्तब व्हायचे तिच्या दारात हा दुसरा निकाल लागता लागता राहिला.

आपल्याकडची भुतांची वर्गवारी पाहिली तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. मराठी भुते अगदी सरकारी दप्तरासारखी शिस्तीत लावलेली आहेत. मुंज होऊन लग्नाआधी मेला तो मुंजा, त्याचा मुक्काम पिंपळावर. बाळंतपणात गेली ती हडळ किंवा अळवंत, सवाष्ण मेली ती जखीण. परधर्मी दांडगा तो खवीस, पाण्यात ओढणारा तो गिऱ्हा, वाट चुकवणारा तो चकवा, आणि या सर्वांवर राजा वेताळ. प्रत्येकाची जात, लिंग, संस्कार कुठे अडला आणि ठिकाण काय, एवढी नोंद ठरलेली. त्यातला समंध मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हा शब्द म्हणजे ‘संबंध’ याचेच बोलीतले रूप. इच्छा अपुरी राहिलेला, वारस नसलेला, ठेव्यावर बसून राहिलेला. ज्याचा संबंध तुटलेला नाही तो. स्लीमनच्या नोंदीतला जुना जमीनमालक या समंधाचा सख्खा भाऊ आहे. त्याला मंत्राने हाकलत नाहीत, त्याचा हक्क मान्य करतात, नैवेद्य देतात, मग तो शांत होतो. म्हणजे आपल्या लोकपरंपरेत भुताशी वागण्याची जी रीत आहे ती वतनाच्या तंट्यासारखी आहे. पण मनोऱ्यावरच्या दोघी या दप्तरात कुठे बसवायच्या? एक विवाहित, एक कोवळी पोर. बाळंतपण नाही, पिंपळ नाही, विहीर नाही, धर्मही निराळा. त्यांना नैवेद्य कुणी आणि कुठल्या रीतीने द्यायचा हे परंपरेला ठाऊक नव्हते. जिथे रीत संपते तिथे नुसती भीती उरते, आणि बंद दार त्या भीतीला बसायला जागा देते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. जुनी इमारत म्हटली की भूत आलेच, त्यात टोकदार कमानी, दगडी जिने आणि काळोखे कोपरे असले तर विचारायलाच नको. हा आक्षेप इंग्रजी डोळ्यांचा आहे. गॉथिक कमान पाहून अंगावर काटा येण्याची सवय इंग्रजी कादंबऱ्यांनी लावली आणि आपल्याकडे ती सिनेमाने पसरवली. १९४९ च्या ‘महल’ नंतर हिंदी पडद्यावर ओसाड वाडा आणि पांढरी साडी यांची सांगड पक्की झाली. मराठी वाचकाला नारायण धारपांनी ती घरबसल्या दिली. १८७८ मधल्या मुंबईकराला मात्र मनोरा कोरा करकरीत होता. त्याला भिववायला पिंपळ आणि पडकी विहीर पुरेशी होती. तेव्हा गोष्टीची वेशभूषा सिनेमाची असू शकेल, हे मी मानतो. पण ओव्हलच्या कडेला सचिवालय, विद्यापीठ आणि हायकोर्ट एकाच दशकातले, एकाच थाटाचे ओळीने उभे आहेत. त्यांतल्या मनोऱ्यालाच ही वेशभूषा का चिकटावी याचे उत्तर कमानींत मिळत नाही. १८९१ च्या दुपारीत मिळते.

दुसरा आक्षेप इतिहासकाराचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. तोंडी कुजबुजीला ना तारीख, ना लेखक. तिच्यावरून काय सिद्ध होणार? घटना सिद्ध होणार नाही, हे खरेच. रात्री जिन्यात कोण चालते हा इतिहासाचा प्रश्नच नव्हे. पण लोकांना काय अपुरे वाटले याचा पुरावा म्हणून ही कुजबूज चालते. आणि तिची लेखी नोंद विरळ का, यालाही इतिहास आहे. मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुती गोळा करण्याचा सर्वांत मोठा उद्योग ए. एम. टी. जॅक्सन या संस्कृतज्ञ सनदी अधिकाऱ्याने केला. त्याने शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवून उत्तरे मागवली. प्रश्न गावच्या मास्तरांना, म्हणून उत्तरांतली भुते झाडांवरची, विहिरींतली, तिठ्यांवरची. विद्यापीठाच्या सभागृहालाही भूत असू शकते आणि ते पदवीधरांकडून ऐकावे, हे कुणाच्या मनातही आले नसावे. भूत अडाण्यांचे आणि पदवी शहाण्यांची ही वाटणी तेव्हाच पक्की झाली होती. जॅक्सनला हे कागद छापलेले पाहायला मिळाले नाहीत. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. पुढे एन्थोवेन या दुसऱ्या सनदी अधिकाऱ्याने ते टिपण संपादून प्रसिद्ध केले.

भुतांची नोंद ठेवणारा माणूस नाट्यगृहात मारला जातो, ही घटना माझ्या मताची कसोटीही आहे. हिंसक मरणानेच जागा झपाटत असेल, तर विजयानंदहून मोठी झपाटलेली जागा महाराष्ट्रात असायला नको. पण तिथे कुणी, का आणि कुणासाठी मारले हे पहिल्या क्षणापासून स्पष्ट होते. खटला झाला, एप्रिल १९१० मध्ये कान्हेरे आणि त्यांचे साथी कर्वे व देशपांडे फाशी गेले आणि लोकांनी आपला निकाल मनात केव्हाच लावून टाकला होता. ती घटना चरित्रांत, भाषणांत, शाळेच्या धड्यात गेली. कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात ६ फेब्रुवारी १९३२ रोजी पदवी घ्यायला आलेल्या बीना दासने गव्हर्नर स्टॅनले जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. गव्हर्नर वाचला, तिने कबुली दिली, तुरुंगवास भोगला, पुढे आत्मचरित्र लिहिले. पदवीदान सभागृहातली बाई तिथेही आहे, पण ती स्वतः बोलते. तिच्या वतीने जिन्याला कुजबुजावे लागत नाही.

तिसरा आक्षेप मला स्वतःलाच बोचतो आणि त्याचे पुरते उत्तर माझ्याकडे नाही. भूतकथेला न्यायाची मागणी म्हणून मोठेपण देताना आपण हे विसरतो, की ती मृतांवर दुसरा अन्याय करते. तक्रार जिवंत ठेवते, पण माणूस पुसून टाकते. मनोऱ्यात काहीतरी आहे असे सांगणाऱ्याला बचुबाईचे नाव ठाऊक नसते, पिरोजबाईचे वय ठाऊक नसते. दुर्गावतीच्या बाबतीत उलटे घडले. तिथे नाव राहिले म्हणून नगारे राहिले. मग भूतकथेने काहीच राखले नाही का? मला वाटते, तिने जागा राखली. सभागृहाला दात्याचे नाव आहे, कावसजींचा पुतळा आवारात आहे, प्रेमचंदांच्या देणगीची आठवण दगडात आहे. त्या दोघींची आठवण जिथे आहे ती एवढीच, की अमुक जिन्याने वर जाता येत नाही आणि का जाता येत नाही हे प्रत्येक नव्या पिढीला कुणीतरी कुणाला तरी सांगावे लागते. सांगणारा चुकीचे सांगतो, तरी प्रश्न तोच राहतो.

अर्देशीर गोदरेज यांनी पुन्हा लग्न केले नाही. सहा वर्षांनी, १८९७ मध्ये, त्यांनी कुलुपांचा कारखाना काढला. यात प्रतीक शोधण्याचा मोह टाळलेला बरा. ते त्याआधी वकिली आणि शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणे करून पाहिलेले धंदेवाईक गृहस्थ होते आणि मुंबईत घरफोड्या वाढल्याने कुलुपांना गिऱ्हाईक होते. राजाबाई मनोऱ्याची मोठी दुरुस्ती २०१५ मध्ये पुरी झाली. काचा, दगड आणि घड्याळ यांची डागडुजी झाली, आणि २०१८ मध्ये ओव्हलभोवतालचा सारा परिसर जागतिक वारशाच्या यादीत गेला. घंटा वाजतात. वरचा जिना बंद आहे.